‘स्लेव्हरी’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तार आणि बाबासाहेब

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिले गेले होते. ते कधीच झाले नाही. बाबासाहेबांनी ते १९३६ साली स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. त्यातील स्वातंत्र्य, समता व बंधुता यांविषयीचे विवेचन आपल्या अभ्यासवर्गांतून नेहमी वाचले जाते. परंतु त्याच विवेचनात ‘स्लेव्हरी’ या इंग्रजी शब्दाची बाबासाहेबांनी जी व्याख्या केली आहे, तिच्याकडे मात्र जावे तितके लक्ष गेलेले नाही. मराठीत आपण तेथे ‘गुलामगिरी’ असे वाचतो. तो शब्द सभांतून आणि गीतांतून इतक्या वेळा कानी पडलेला असतो की, एका शास्त्रशुद्ध व्याख्येपाशी आपण आलो आहोत हे ध्यानात न येताच आपण पुढे जातो. बाबासाहेबांच्या म्हणण्याचा आशय असा : स्लेव्हरी म्हणजे केवळ कायद्याने मान्य केलेली ताबेदारी नव्हे, ज्या समाजात काही माणसांना आपल्या वर्तनाचे नियमन करणारे हेतू दुसऱ्यांकडून सक्तीने स्वीकारावे लागतात, तो समाज स्लेव्हरीचा समाज होय. ही व्याख्या कोठून आली, तिने त्या शब्दाच्या रूढ अर्थात कोणता पालट घडवला आणि पाली वाङ्मयातील ‘दास’ या शब्दाशी तिचे नाते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. ‘स्लेव्ह’ हा शब्द मुळात एका मानववंशाचे नाव आहे. मध्ययुगाच्या आरंभीच्या शतकांत पूर्व युरोपातील स्लाव लोक युद्धात मोठ्या संख्येने पकडले जात आणि बाजारात विकले जात. त्यामुळे मध्ययुगीन लॅटिनमधील ‘स्क्लावुस’ या शब्दाचा ‘स्लाव माणूस’ हा अर्थ मागे पडला व ‘विकत घेतलेला माणूस’ हा अर्थ रूढ झाला. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. एका समाजाचे नावच त्याच्या दुर्दशेचे नाव व्हावे, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी वाटणार नाही. आपल्याकडे जातींची नावे शिव्यांसारखी वापरली गेली आहेत. त्यापूर्वी रोमन लोकांचा शब्द ‘सेर्वुस’ असा होता. त्यापासून इंग्रजीत ‘सर्व्हंट’, ‘सर्फ’ आणि ‘सर्व्हाइल’ हे शब्द आले. जुन्या इंग्रजीत आणखी एक शब्द होता, ‘थ्रॉल’. त्याचाही अर्थ दास असाच होता. आज त्यापासून बनलेला ‘एन्थ्रॉल’ हा शब्द इंग्रजीत ‘मंत्रमुग्ध करणे’ या अर्थाने, तोही कौतुकाने, वापरला जातो. आपल्याकडील ‘गुलाम’ हा शब्द मूळचा अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ ‘पोरगा’ असा आहे. तो फारसीच्या वाटेने मराठीत आला.

या साऱ्या शब्दांच्या मुळाशी एकच कल्पना होती, ती मालकीची. रोमन कायद्याने दासाला वस्तूच्या वर्गात बसवले होते. अटलांटिक महासागरातून आफ्रिकी माणसांचा जो व्यापार चालला, त्यात ही कल्पना पराकोटीला पोचली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इंग्रजाने ‘स्लेव्ह’ म्हटले की, त्याच्या डोळ्यांपुढे खरेदीखत, लिलाव आणि साखळदंड उभे राहत. ज्याचे खरेदीखत नाही तो ‘फ्री’, असा सरळ हिशेब होता.

हा हिशेब घेऊनच तो शब्द कंपनी सरकारबरोबर हिंदुस्थानात आला. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतील गुलामगिरी बंद करणारा कायदा केला, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. पुढे दहा वर्षे या देशात ‘स्लेव्ह’ कोणाला म्हणावे, याचा खल अधिकाऱ्यांत चालला. पेशवाईत कुणबिणी व बटकी यांची उघड खरेदी-विक्री होत असे. मलबारात चेरुमन वगैरे जातींची माणसे जमिनीबरोबर किंवा जमिनीवाचूनही गहाण पडत, विकली जात. ही माणसे त्या शब्दाच्या मापात बसली. अखेर १८४३ चा पाचवा कायदा झाला. तो लहान आहे आणि मुद्दाम वाचण्यासारखा आहे. सरकारी वसुलीसाठी किंवा हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी कोणाला गुलाम म्हणून विकू नये. गुलामावरील मालकीहक्क कोर्टाने मान्य करू नये. कोणी गुलाम आहे एवढ्यावरून त्याची मिळकत हिरावून घेऊ नये. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जे कृत्य गुन्हा ठरते ते गुलामाविरुद्धही गुन्हाच ठरावे, एवढेच त्यात आहे. गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरवला गेला नाही. गुलाम म्हणून माणसाची खरेदी-विक्री करणे गुन्हा ठरले ते भारतीय दंडसंहितेने, आणि ती १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आली.

या सर्व खटाटोपात महार, मांग, चांभार यांचा प्रश्न उद्भवलाच नाही. ते कोणाच्या मालकीचे नव्हते. त्यांचे खरेदीखत नव्हते. तेव्हा इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने ते १८४३ च्या आधीही ‘फ्री’ होते आणि नंतरही ‘फ्री’च राहिले. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, सार्वजनिक पाणवठ्यावर जाण्याची मनाई असलेल्या आणि मेलेले जनावर ओढणे ज्याच्या जन्माबरोबर ठरलेले आहे अशा माणसाला तो कायदा स्वतंत्र म्हणत होता. शब्दाचे माप चुकीचे असले की, किती मोठी वस्तुस्थिती त्यातून निसटते याचे यापेक्षा ठळक उदाहरण सापडणे कठीण.

उलट बाजूचे एक उदाहरण आपल्याच भूमीतले आहे. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला हबशी. तो एकाहून अधिक वेळा विकला गेला आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीतील एका वजिराकडे आला. कायद्याच्या भाषेत तो पूर्णार्थाने ‘स्लेव्ह’ होता. पण तोच पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला; खडकी हे नगर त्याने वसवले, जे नंतर औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते; मोगलांशी तो १६२६ साली मृत्यू येईपर्यंत झुंजत राहिला. विकला गेलेला मनुष्य राज्याचा कारभारी होऊ शकला आणि कधीच न विकला गेलेला मनुष्य गावच्या विहिरीचा धनी होऊ शकला नाही. या दोन वस्तुस्थितींना एकच शब्द लावायचा असेल तर त्या शब्दाची व्याख्या नव्याने करावी लागते.

ती दिशा प्रथम महात्मा जोतीराव फुले यांनी दाखवली. १८७३ साली त्यांनी आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ असे नाव दिले आणि अमेरिकेतील निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना तो अर्पण केला. अमेरिकेच्या राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती १८६५ च्या डिसेंबरात संमत झाली होती. म्हणजे जेमतेम आठ वर्षांपूर्वीची ती घटना होती. जोतीरावांनी तो शब्द शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला लावला, तेव्हा त्यांना कायद्यातील ‘स्लेव्हरी’ अभिप्रेत नव्हती हे उघड आहे. त्यांचा रोख मनावर घातलेल्या बेडीवर होता. धर्मग्रंथ आणि भाकडकथा यांनी ती बेडी घडवली, हे त्यांनी दाखवले. मात्र जोतीरावांनी व्याख्या केली नाही. त्यांनी तुलना केली आणि ती करताना आगही ओतली. व्याख्येचे काम पुढच्या पिढीसाठी राहिले.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तेथे प्रा. जॉन ड्यूई त्यांचे गुरू होते. आपल्यावर ड्यूई यांचे मोठे ऋण आहे, हे बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्येच नमूद केले आहे. ड्यूई यांचा शिक्षण व लोकशाही यांवरील ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या सातव्या प्रकरणात ते प्लेटोचा हवाला देऊन सांगतात की, आपल्या वर्तनाचे नियमन करणारे हेतू जो दुसऱ्याकडून स्वीकारतो तो दास. आणि कायद्याच्या अर्थाने जेथे दास्य नाही तेथेही ही स्थिती असू शकते. प्लेटोच्या कोणत्या संवादात हे आहे, ते ड्यूई यांनी दिलेले नाही. बाबासाहेबांनी हीच व्याख्या घेतली आहे, आणि त्या स्थळी त्यांनी ना प्लेटोचे नाव घेतले आहे ना ड्यूईंचे.

येथवर उसनवारी आहे असे कोणी म्हणेल. दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून शेवटपर्यंत वाचले म्हणजे फरक दिसतो. ड्यूई यांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील कारखाना होता. समाजाला उपयोगी असे काम मनुष्य करतो, पण त्या कामाचा समाजाशी संबंध काय हे त्याला उमगत नाही आणि त्यात त्याला स्वतःचा रस नसतो. तेथे दास्य आहे, असे ते म्हणतात. बाबासाहेबांनी वाक्याचा हा उत्तरार्ध बदलला. त्यांच्या मांडणीत दास्य तेथे आहे, जेथे माणसाला स्वतः न निवडलेला, आधीच नेमून दिलेला धंदा करावा लागतो. आणि जातिव्यवस्था हे त्याचे उदाहरण. ड्यूईंचा भर आकलनावर व आस्थेवर होता. बाबासाहेबांनी तो निवडीवर आणि सक्तीवर आणला. हा फेरफार किरकोळ नाही. कारखान्यातील मजुराला कामाचा अर्थ समजावून सांगितला, त्याला त्यात गोडी लावली, तर ड्यूईंच्या मापाने त्याचे दास्य पुष्कळ अंशी सुटेल. भंग्याच्या मुलाला त्याच्या कामाचे सामाजिक महत्त्व समजावून सांगितले आणि त्यात सेवेची गोडी लावली, तर बाबासाहेबांच्या मापाने त्याचे दास्य तिळमात्र कमी होत नाही. मैला वाहण्याच्या कामाला पवित्र सेवा म्हणून गौरवण्याची टूम त्याच काळात निघाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे उत्तरार्ध का बदलला हे कळते.

या व्याख्येची कसोटी लावून पाहायची तर महार वतनासारखे दुसरे उदाहरण नाही. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली हे वतन चालत होते. इनामाचा जमिनीचा तुकडा, गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते आणि काही ठिकाणी नाममात्र रोख रक्कम, एवढ्या मोबदल्यात महाराने गावची व सरकारची चाकरी करायची. सारा वसुलीच्या वेळी हाकारा घालणे, टपाल व सरकारी सामान पोचवणे, चावडीवर हजर राहणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मर्तिकाचा सांगावा नेणे. कामाला घड्याळ नव्हते. वतनदार आजारी असला किंवा परगावी गेला तर घरातील दुसऱ्याला, प्रसंगी बाईमाणसालाही, राबावे लागे. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतनी जमीन पूर्ण साऱ्यावर महारांकडे राहू द्यावी आणि त्यांना चाकरीतून मोकळे करावे, असा त्यातील मुख्य आशय होता. ते विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाववतने नाहीशी करणारा कायदा १९५८ च्या नावाने पुढे झाला, तेव्हा बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते.

वतन हा शब्द इतर जातींच्या तोंडी मानाचा होता. महारांतही अनेकांना तो मानाचा वाटे. वतनाच्या जमिनीसाठी भाऊबंदकी होई, आणि बाबासाहेबांच्या विधेयकाला आपल्यातूनही विरोध झाला. बावन्न हक्कांची सनद मोठ्या अभिमानाने सांगणारे म्हातारे गावोगाव होते. माझ्या मते बाबासाहेबांच्या व्याख्येचे खरे मर्म येथे आहे. विकत घेतलेल्या दासाला आपण दास आहोत हे ठाऊक असते. वतनदाराला मात्र आपण हक्कदार आहोत असे वाटते. दुसऱ्याने ठरवलेले हेतू त्याला स्वतःचेच वाटू लागतात.

हीच गोष्ट बाबासाहेबांनी पुढे अधिक विस्ताराने मांडली. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले आणि महाराष्ट्र शासनाने १९८९ साली पाचव्या खंडात प्रसिद्ध केलेले लेखन याबाबत मुळातून वाचावे. त्यात दास आणि अस्पृश्य यांची तुलना आहे. रोममधील दास हे शिक्षक, वैद्य, लेखनिक होऊ शकत, कारण त्यांना शिकवण्यात धन्याचा फायदा होता. दास हा पैसे देऊन घेतलेला असल्यामुळे तो आजारी पडला तर धन्याचे नुकसान होई. अस्पृश्य उपाशी मेला तरी कोणाचेच नुकसान होत नसे. दास्य उघड असते, अस्पृश्यता आडून येते आणि अंकिताला आपण अंकित आहोत याची जाणीवही होऊ देत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

येथे एक खुलासा करणे अवश्य वाटते. आपले काही वक्ते या विवेचनाचा आधार घेऊन अस्पृश्यतेपुढे गुलामगिरी काहीच नव्हती असे बोलतात. हे बरे नाही. अटलांटिकपलीकडील मळ्यांवर मुलांना आईच्या कुशीतून ओढून विकण्यात आले आहे. ज्यांनी ते सोसले त्यांच्या वेदनेचे वजन करण्याचा बाबासाहेबांचा हेतू नव्हता. दोन व्यवस्थांची रचना कशी वेगळी आहे आणि एकीतून बाहेर पडण्याच्या ज्या वाटा आहेत त्या दुसरीत का नाहीत, हे त्यांना दाखवायचे होते. दास मुक्त केला जाऊ शकतो, कारण त्याला धनी असतो. अस्पृश्याला मुक्त करणारा असा एक धनी नसतो. अवघा गाव धनी असतो.

आता पाली वाङ्मयाकडे वळू. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रू तथागतांना विचारतो की, श्रमण होण्याचे याच जन्मी दिसणारे फळ कोणते? तथागत त्याला त्याच्याच पदरी असलेल्या एका दासाचे उदाहरण देतात. या दासाचे वर्णन करताना जी विशेषणे आली आहेत ती मोठी अर्थपूर्ण आहेत. तो आधी उठणारा व मागाहून निजणारा आहे. तो ‘किंकारपटिस्सावी’ आहे, म्हणजे ‘काय करू?’ म्हणून आज्ञेसाठी कान देऊन राहणारा. तो ‘मनापचारी’ आहे, धन्याला रुचेल तसे वागणारा. आणि तो ‘मुखुल्लोकक’ आहे, धन्याच्या तोंडाकडे पाहत राहणारा. या वर्णनात मालकीचा, किंमतीचा, खरेदीचा उल्लेख नाही. दासाचे लक्षण म्हणून सांगितले आहे ते हेच की, त्याच्या वागण्याचे सूत्र दुसऱ्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. हा दास विचार करतो की, राजाही मनुष्य आणि मीही मनुष्यच, आणि प्रव्रज्या घेतो. त्याला परत बोलावून पुन्हा चाकरीस लावशील काय, असे तथागत विचारतात. नाही, असे राजा उत्तरतो. उलट आपणच त्याला वंदन करू, उठून आसन देऊ, असे म्हणतो.

त्याच सुत्तात पुढे पाच नीवरणांच्या संदर्भात ऋण, रोग, कारागृह, दास्य व निर्जन अरण्यातील प्रवास असे पाच दृष्टान्त आहेत. तेथे दासासाठी तीन शब्द येतात : तो ‘अत्ताधीन’ नाही, तो ‘पराधीन’ आहे आणि तो ‘येनकामंगम’ नाही, म्हणजे इच्छेला येईल तेथे जाऊ शकत नाही. गावाची वेस ओलांडायला पाटलाची परवानगी लागणाऱ्या येसकराला हे तिन्ही शब्द जसेच्या तसे लागू पडतात, मग त्याचे खरेदीखत असो वा नसो. बाबासाहेबांनी आपली व्याख्या येथून घेतली असे मला सुचवायचे नाही. तिचा उगम वर दाखवलाच आहे. पण १८४३ च्या कायद्याला जे माप सुचले नाही ते या सुत्तकाराच्या हाती होते, एवढे खास.

याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे धम्माच्या अभ्यासकाला शोभणार नाही. विनयपिटकाच्या महावग्गात दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. ऋणको आणि राजाचा सैनिक यांनाही असाच मज्जाव आहे. सामञ्ञफलसुत्तातील दास आणि हा नियम यांचा मेळ सहजासहजी बसत नाही. संघ राजाश्रयावर व गृहस्थांच्या दानावर जगत होता. धन्याच्या तक्रारींपुढे त्याला मुरड घालावी लागली, असाच याचा अर्थ मला दिसतो. माणसांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तरनिकायात तथागतांनी स्पष्ट सांगितले आहे. पण दास बाळगू नये असा नियम गृहस्थांसाठी सांगितलेला नाही. अस्सलायनसुत्तात मात्र ते एक वेगळे शस्त्र उचलतात. योन व कंबोज देशांत धनी आणि दास असे दोनच वर्ण आहेत, तेथे धन्याचा दास होतो व दासाचा धनी होतो, हे त्या ब्राह्मण तरुणाकडून ते कबूल करून घेतात. दास्य जन्मसिद्ध नाही, ते माणसामाणसांतील नाते आहे आणि ते उलटू शकते, हा त्यातील मुद्दा आहे.

थेरीगाथेतील पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती निरुत्तर करते. धन्याच्या धाकाने पाण्यात उतरणारी दासी आणि पापाच्या भयाने उतरणारा ब्राह्मण एकाच काठावर भेटतात, आणि कोणाच्या तरी भयाने थंडीत कुडकुडण्यापुरते दोघे सारखेच असतात. अट्ठकथा सांगते की, पुढे अनाथपिंडिकाने तिला दास्यातून मुक्त केले आणि मग तिने प्रव्रज्या घेतली.

भारतीय राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार व वेठबिगारी यांना मनाई केली. त्याच्या इंग्रजी पाठात ‘बेगार’ हा आपला शब्द तसाच ठेवलेला आहे. १९७६ साली वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा आला. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करावे लागणे ही सक्तीची मजुरीच होय. भूक आणि दारिद्र्य यांनी आणलेली सक्ती हीही सक्तीच. न्यायालयाच्या भाषेने खरेदीखत मागणे येथे सोडून दिले. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले. तरीही गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांची नावे वर्तमानपत्रांत येत राहिली, आणि त्या नावांवरून बहुधा त्यांची जातही कळते.

दासाच्या विरुद्धार्थी पाली शब्द ‘भुजिस्स’ असा आहे. सामञ्ञफलसुत्तात दास्यातून सुटलेल्या माणसाला तो लावला आहे. हाच शब्द त्रिपिटकात आणखी एका ठिकाणी वारंवार भेटतो, तो शीलाचे विशेषण म्हणून. अखंड, अछिद्र, निष्कलंक अशा शीलाच्या वर्णनात ‘भुजिस्स’ हे पद येते आणि विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी त्याचा अर्थ, तृष्णेच्या दास्यातून सोडवून स्वतंत्र करणारे, असा दिला आहे. पंचशील घेताना आपण हे पद उच्चारत नाही, पण शीलानुस्सतीच्या पाठात ते आहे.